बैठकीच्या खोलीतला डोंगर

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात शैलाच्या ऑफिसात पोलिसांचा फोन गेला, त्या दिवसापासून माझे डोंगरात चालायचे बूट जिन्याखालच्या कपाटात, केर ओढायच्या हूवरच्या मागे जाऊन बसले. मी ते तिथे ठेवले नव्हते. माझ्या बायकोने, द्रौपदीनेही ठेवले नव्हते, असं ती म्हणते. शैला, आमची मुलगी, त्या संध्याकाळी मेडनहेडहून थेट गाडी हाकत वॉटफर्डला आली होती, आणि ती परत गेली तेव्हा बूट दाराजवळ नव्हते, एवढंच मला माहीत आहे.

घडलं होतं ते तसं फार मोठं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी वॉटफर्ड जंक्शनला गाडी पकडून ट्रिंगला उतरायचो आणि चिल्टर्नच्या टेकड्यांमधून दिवसभर एकटाच हिंडून परत यायचो. त्या गुरुवारी अ‍ॅशरिजच्या जंगलात धुकं उतरलं आणि माझी वाट चुकली. नकाशा हातात होता, पण चष्म्यावर पाणी, नकाशाच्या प्लास्टिकवर पाणी, आणि बीच नावाची ती उंच झाडं सगळी एकसारखी. बराच फिरलो. मग वाटलं, धुकं केव्हातरी विरेलच, म्हणून एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसून पिशवीतलं पुस्तक काढलं. धुकं विरलं नाही, दिवस मात्र मावळला. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईंना मी सापडलो. मी इतका गारठलो होतो की त्यांच्या प्रश्नांना धड उत्तरं देता येईनात, म्हणून त्या बिचाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं.

"अंधारात वाचत होता तुम्ही?" शैलाने विचारलं.

"अंधार पडेपर्यंत वाचत होतो. नंतर नुसतं हातात धरून बसलो होतो."

"धिस इज नॉट फनी, बाबा."

मी विनोद केला नव्हता. पण ती रडवेली झाली होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर. तिचा आवाज असा झालेला मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"तुम्ही ते बूट घालायची नाही आता. फुल स्टॉप." मग म्हणाली, "नाहीतर एक हँडहेल्ड जीपीएस घ्या. सॅटेलाइटवाली. ती तुम्हाला चालवता येते हे मला दाखवा. मी स्वतः बरोबर येणार, टेस्ट घेणार. पास झालात तर जा."

ती गेल्यावर द्रौपदी म्हणाली, "पास व्हा हो. तुम्ही गुरुवारी घरात असलात की मला माझ्या स्वयंपाकघरात पाहुणी झाल्यासारखं होतं."

चालणं बंद झालं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मी बोलका माणूस नाही. लंडनमधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत, कॅटलॉग विभागात, माझी सगळी नोकरी गेली. चार माणसांत गेलो की काय बोलावं याची जुळवाजुळव होईपर्यंत विषय बदललेला असतो. घरी येऊन मग मी ती वाक्यं पुरी करतो. टेकडीवर मात्र असं होत नाही. तिथे दोन-तीन तास चालल्यावर मनातली ती दुरुस्त्यांची कटकट आपोआप थांबते. दुसऱ्या कशाने थांबत नाही, वाचनानेही नाही. हे शैलाला सांगायला हवं होतं. पण ते वाक्यही ती गेल्यावरच जुळलं.

तर मी यंत्र निवडायला बसलो, आणि निवडायची पद्धत मला एकच येते. चालणाऱ्यांची मासिकं वाचनालयातून आणली, कंपन्यांना पत्रं लिहून माहितीपत्रकं मागवली, आणि प्रत्येक यंत्राचं एक कार्ड केलं, पुस्तकाचं करायचो तसंच. वजन, बॅटऱ्या किती आणि किती वेळ पुरतात, किती ठिकाणं लक्षात ठेवतं, इंग्लंडच्या नकाशावरचे चौकोन ओळखतं का, अंधारात पडदा उजळतो का, पाण्यात पडलं तर काय. जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडायचो, उचलायचो, पुन्हा मांडायचो.

"शैलाचं लग्न ठरलं तेव्हा इतकी कार्डं नव्हती केली," द्रौपदी ताटं घेऊन उभी राहायची.

"तिने आपलं आपण ठरवलं. मला विचारलं कुठे?"

"तुम्हाला विचारलं असतं तर अजून कार्डंच मांडत असता."

जानेवारी उजाडला तरी दोन कार्डं उरली होती. एक साधं यंत्र, आपण कुठे आहोत ते सांगणारं आणि घराची दिशा दाखवणारं. दुसरं सगळ्या सोयींनी भरलेलं, हातात मावणारं पण ऐटदार. शैलाचा फोनवर सल्ला होता, "बाबा, साधी घ्या ना. तुम्हाला फक्त वेअर अ‍ॅम आय पाहिजे." तिचं बरोबरच असणार असं मला वाटायचं. मग रात्री दुसरं कार्ड बरोबर वाटायचं.

शेवटी सुखदेव आला. हा माझा इथला सगळ्यात जुना मित्र. आम्ही या देशात आलो त्या वर्षी कॅमडेनमध्ये एकाच खोलीत राहायचो. तो लंडनच्या बस चालवायचा. नवीन कुणी गावाकडून आलं की त्याला किंग हेन्रीज रोडवर, बाबासाहेब राहायचे ते घर बाहेरून दाखवायला आम्ही दोघंच घेऊन जायचो.

"जय भीम, वहिनी. अजून चाललंय का याचं?" त्याने दारातूनच विचारलं.

"जय भीम. दोनावर आलंय," द्रौपदी म्हणाली.

सुखदेव टेबलाशी बसला. "बबन, तू चॉक फार्मच्या ट्यूब स्टेशनबाहेर उभा राहून ए-टू-झेडचं नकाशापुस्तक उघडायचास, आठवतंय? तू पान शोधेपर्यंत मी रस्त्यातल्या माणसाला विचारून पाहुण्यांना घेऊन पोचलेला असायचो."

"एकदा तू त्यांना प्राणिसंग्रहालयात पोचवलं होतंस."

"एकदाच. आणि त्यांना आवडलं होतं. चल, ऊठ, कोट घाल. दुकानात जाऊन हातात घेऊन बघू. हात लावल्याशिवाय भाजीसुद्धा कळत नाही."

शैलाच्या ऑफिसजवळ, मेडनहेडच्या हाय स्ट्रीटला लागून डोंगरात चालणाऱ्यांच्या सामानाचं दुकान होतं. तिथे कॉलिन नावाचा एक दाढीवाला माणूस होता, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे घातलेला. त्याने दोन्ही यंत्रं काचेवर ठेवली. मला विचारायचं होतं की ही बाहेर नेऊन बघता येतील का. दुकानाच्या छपराखाली ती मुकीच असणार, हे मी वाचलं होतं. पण इतकी महागाची वस्तू बाहेर न्यायची म्हणजे त्याला काय वाटेल? माझ्यासारख्या माणसाने दुकानात वस्तू बाहेर न्यायचं नाव काढलं की काय वाटतं, याचा थोडा अनुभव मला होता. मी माहितीपत्रक उलटसुलट करत राहिलो.

"माझ्या मित्राला यांना फिरायला न्यायचंय," सुखदेव इंग्रजीत म्हणाला, जणू दोन कुत्री होती.

कॉलिनने क्षणभरही विचार केला नाही. दाराला 'लवकरच परत' अशी पाटी लावली, कोट घातला आणि आम्हाला घेऊन थेम्सकडे निघाला. त्या पाटीबद्दल मी त्याचे मनातल्या मनात अजून आभार मानतो. तेव्हा तोंडाने मानले होते की नाही, आठवत नाही.

पुलाजवळ, मोकळ्या आकाशाखाली, त्याने दोन्ही यंत्रं माझ्या दोन हातांत दिली. पडद्यावर एकेक उपग्रह उगवल्यासारखा दिसू लागला. जरा वेळाने दोघांनीही सांगितलं की आम्ही मेडनहेडला आहोत. मला कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

"आता झाडांखाली चला," कॉलिन म्हणाला. "खरी परीक्षा तिथे."

नदीकाठच्या बागेत यू नावाची जुनी, बारा महिने हिरवी, दाट झाडं होती. त्यांच्याखाली गेल्यावर डाव्या हातातलं साधं यंत्र आधी घुटमळलं आणि मग गप्प झालं. उजव्या हातातलं बोलतच राहिलं. कॉलिनने कारण समजावलं. साध्या यंत्राला जणू एकच कान, ते पाळीपाळीने एकेका उपग्रहाचं ऐकतं. या दुसऱ्याला बारा कान, ते बाराजणांचं एकदम ऐकतं, म्हणून फांद्यांनी दोघा-चौघांचा आवाज अडवला तरी त्याचं काम भागतं.

"हा आकडा कसला?" मी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"चूक किती असेल, त्याचा अंदाज. अमेरिकन लष्कर या संदेशांत मुद्दाम गोंधळ घालतं, त्यामुळे शंभरेक मीटर इकडे-तिकडे होऊ शकतं. यंत्र तुम्हाला सांगतं की आपलं किती चुकत असेल."

उत्तर देताना सोबत आपली चूक किती असेल तेही सांगणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली. मला ती फार जवळची वाटली.

मी सोयींनी भरलेलं यंत्र घेतलं. शैलाला फोनवर झाडांचं कारण सांगितलं आणि तिला ते पटलं. दुसरं एक कारण होतं, ते सांगितलं नाही. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की या यंत्रात सरावाची सोय आहे. घरात बसून, उपग्रह नसताना, आपण चालतोय असं त्याला सांगता येतं. कुठून निघालो ते सांगायचं, वेग सांगायचा, आणि पडद्यावर वाट पुढे सरकते.

त्या हिवाळ्यात मी खरंच सराव केला. आधी ट्रिंगहून आयव्हिंगो बीकनपर्यंत गेलो, दोनदा. वाटेतल्या खुणा साठवायच्या कशा, आलेल्या वाटेने उलट परत यायचं कसं, ते सगळं खुर्चीत बसून शिकलो. मग एके दिवशी जुन्या कॉलेजात गेलो. तिथल्या नकाशांच्या खोलीत हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्याची जुनी पानं आहेत. त्यांतली बरीच मीच कॅटलॉगला लावली होती. जुन्नर भागाचं पान काढलं. आमचं गाव त्यात एका ठिपक्याएवढं आहे, पण मागचा डोंगर चांगला बोटभर आहे. अक्षांश-रेखांश मोजून घेतले आणि घरी येऊन यंत्राला सांगितलं की आपण आता तिथे आहोत. त्याने मुकाट्याने मान्य केलं.

त्या डोंगराच्या पोटात लेणी आहेत. लहान, फारसं कुणी जात नाही अशी. सुट्टीच्या दिवशी माझे वडील मला तिथे नेत. गावाच्या विहिरीपासून निघायचं, चिंचेपाशी वळायचं, खडकातलं पाण्याचं टाकं लागायचं, तिथून वर लेणी. हे टप्पे मी एकेक करून यंत्रात घातले. ठिकाणाच्या नावाला सहाच इंग्रजी अक्षरं बसतात, 'लेणी' त्यात आरामात बसली. वेग मात्र जमेना. नेहमीच्या माझ्या वेगाने पडद्यावर मी फार भरभर पोचायचो. मग कमी-कमी करत गेलो, आणि एका संध्याकाळी तो वडिलांच्या वेगाशी बरोबर जुळला. ते मधे-मधे थांबून मला येऊ द्यायचे.

यात मी किती रमलो ते सांगायला संकोच वाटतो. बाहेर वॉटफर्डचा पाऊस, समोर टीव्ही बंद, आणि मी चिंचेपाशी वळतोय. द्रौपदी शेजारी स्वेटर विणत असायची.

"पोचलात का?"

"टाक्यापाशी आहे."

"मग पाणी प्या आणि जेवायला या. पोळ्या गार होतायत."

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरली. आदल्या संध्याकाळी मला धास्तीने काही सुचेना. सगळी बटणं पाठ होती, तरी वाटत होतं, तिच्यासमोर नेमकं काहीतरी विसरेन. ती ओरडणार नाही, फक्त बघेल, आणि मग बूट परत हूवरच्या मागे. धीर यावा म्हणून मी आणखी एकदा डोंगर चढून लेण्यांपर्यंत गेलो, यंत्र बंद केलं आणि पिशवीत ठेवलं.

सकाळी शैला गाडी घेऊन आली. सुखदेव साक्षीदार म्हणून आला होता. द्रौपदीने भाकऱ्या, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून दिली आणि शैलाला म्हणाली, "फार कडक पेपर काढू नकोस गं. ते आधीच अर्धे झालेत."

ट्रिंग स्टेशनच्या कार पार्कमध्ये मी यंत्र चालू केलं. ढग इतके खाली आले होते की पुढची टेकडी दिसत नव्हती. यंत्राने 'शोधतो आहे' असं सांगितलं आणि ते शोधत राहिलं. मी हात उंच केला, जागा बदलली.

"रेल्वेच्या तारा असतील मधे," सुखदेव म्हणाला.

मी म्हणालो, "पुढे मोकळ्यावर लागेल. चला." वाट मला माहीतच होती. शेताच्या कडेने, मग झाडीतून, अधूनमधून वाट दाखवणारे, ओक झाडाच्या फळाचं चित्र असलेले खांब येतात. मी पुढे, ती दोघं मागे. झाडीतून बाहेर पडून पिटस्टोन हिलच्या गवताळ माथ्यावर आलो. चहूकडे पांढरं. यंत्र अजून शोधतच होतं. एकही उपग्रह नाही. बारा कानांपैकी एकालाही काही ऐकू येत नव्हतं.

मी ते बिघडवलं, असंच मला वाटलं. इतकी बटणं दाबायचं काम नव्हतं. साधंच घ्यायला हवं होतं, ती म्हणत होती तसं.

"बघू," शैलाने हात पुढे केला. मी यंत्र दिलं. तिने एकामागून एक पानं उलटली आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, ही म्हणते नाइन्टीन नॉर्थ, सेव्हन्टी-थ्री ईस्ट. हे कुठे आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माहितीपुस्तकात चौकट करून छापलं होतं, मी ते कितीदा वाचलं होतं. सराव संपला की यंत्राला खरं ठिकाण पुन्हा सांगावं, नाहीतर शेवटी जिथे सोडलं तिथेच आपण आहोत असं ते धरून चालतं. ते बिचारं जुन्नरच्या आकाशात असणारे उपग्रह या टेकडीवर उभं राहून शोधत होतं.

"ते आपल्या गावचं आहे," मी म्हणालो. "काल संध्याकाळी मी... मी तिथे होतो."

सुखदेव पोट धरून हसायला लागला. "म्हणजे आपण इथे भिजतोय आणि तुझं यंत्र तिकडे उन्हात बसलंय? अरे, इंग्लंडला येऊन इतकी वर्षं झाली, त्याला सांगायचं तरी!"

शैला हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मला जी भीती होती तसंच. "तुम्ही रोज तिथे जायचे?"

"रोज नाही. बऱ्याच वेळा."

"आणि मला वाटलं, तुम्ही सराव करताय."

मी यंत्र परत घेतलं. देशांच्या यादीतून इंग्लंड निवडून दिलं, आणि आता मोकळ्या जागी थोडा वेळ थांबावं लागेल, ते पहिल्यापासून शोधेल, असं तिला समजावलं. बटणं बरोबर दाबली गेली. यंत्र गवतावर आकाशाकडे तोंड करून ठेवलं. आम्ही प्लास्टिक अंथरलं आणि भाकरी सोडली.

"तिथे काय आहे?" शैलाने ठेच्याला बोट लावत विचारलं. ती गावाला एकदाच आली होती, लहान असताना, आणि बहुतेक दिवस तापाने आजीच्या खाटेवर पडून होती.

मी सांगितलं. विहीर, चिंच, टाकं, लेणी. मग थांबलो. नेहमी इथेच थांबतो. पण ढगात बसलेलो असताना, समोर कुणाचा चेहरा नीट दिसत नसताना, पुढचं वाक्य वेळेवर आलं.

"गावात आम्हाला कुठेही उभं राहिलं की कुणीतरी विचारायचं, इथे काय करतोस. विहिरीवर, देवळाजवळ, शाळेच्या ओट्यावरसुद्धा. डोंगरावर कुणी विचारायचं नाही. तुझे आजोबा वर गेले की मोठ्याने बोलायचे, गाणी म्हणायचे. खाली मी त्यांना कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. मला वाटायचं, चढलं की माणूस असा होतो."

सुखदेव अंडं सोलत म्हणाला, "आमच्याकडे डोंगर नव्हता. आम्ही नदीत जायचो."

"म्हणून तुम्ही दर गुरुवारी..." शैलाने वाक्य अर्धंच ठेवलं. ते माझ्यावरच गेलं असावं.

"म्हणूनच असं नाही," मी म्हणालो. "इथल्या टेकड्याही मला आवडतात. आणि इथेही वर कुणी विचारत नाही. भेटतात ते 'मॉर्निंग' म्हणतात आणि पुढे जातात."

गवतातून एक छोटा आवाज आला. यंत्राला आम्ही सापडलो होतो. पहिला उपग्रह, मग दुसरा, मग भराभर. मी पडद्यावरचे आकडे वाचले, नकाशा उघडला आणि पिटस्टोन हिलच्या माथ्यावर बोट ठेवलं. शैलाने आकडे स्वतः मोजून ताडून पाहिले. माझ्या बोटाखालीच होतं.

"ओके," ती म्हणाली. "आता मला ते जंगल दाखवा."

तिथून पुढे परीक्षा सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. ढग वर सरकत होते. मी आयव्हिंगो बीकनला वळसा घालून त्यांना अ‍ॅशरिजमध्ये उतरवलं. बीचला नुकती पालवी फुटली होती आणि खाली निळ्या घंटाफुलांचे पट्टेच्या पट्टे. झाडांखाली उपग्रह कमी झाले, पण यंत्र बोलायचं थांबलं नाही. एका फाट्यापाशी मी उभा राहिलो. उजवी वाट चांगली रुंद, मळलेली होती. डावी अरुंद. बाण डावीकडे दाखवत होता.

"नोव्हेंबरात मी इथून उजवीकडे गेलो," मी म्हणालो. "रुंद वाट असते ती बरोबर असणार, असं वाटलं."

"ओंडका कुठे आहे?"

मी त्यांना उजवीकडे नेलं. तो तसा लांब नव्हता, हेच मला लाजिरवाणं वाटलं. शेवाळलेला, एका टोकाला कुजलेला. शैला त्यावर बसली. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"फोन आली तेव्हा पोलिस म्हणाला, वी हॅव युअर फादर. मला वाटलं..." तिने मान हलवली. मग हात पुढे केला. "ती द्या इकडे. जागा कशी सेव्ह करायची?"

मी दाखवलं. यंत्राने नाव विचारलं.

"'हरवलेले बबनराव' लिही," सुखदेव म्हणाला.

"सहाच अक्षरं बसतात, काका."

तिने काहीतरी टाइप केलं आणि यंत्र माझ्याकडे दिलं. पडद्यावर 'बाबा' होतं. मग म्हणाली, "बॅकट्रॅक करून दाखवा. आलो तसेच परत. मी काही सांगणार नाही." मी यंत्राला उलट फिरायला सांगितलं आणि पुढे झालो. ती मागून येत होती, आणि एकदाही तिने "बाबा, आर यू शुअर?" असं विचारलं नाही. हा प्रश्न ती मला शाळेत असल्यापासून विचारत आली आहे.

गाडीशी पोचलो तेव्हा बुटांचा चिखल काढायला मी वाकलो. ती म्हणाली, "ती 'लेणी' डिलीट नका करू हं. तिथे जायचंय मला. पण खरी सॅटेलाइट घेऊन, खुर्चीवरून नाही."

"आणि गुरुवार?" माझ्याऐवजी सुखदेवनेच विचारलं. मी त्याचा जन्मभर ऋणी आहे ते अशाच गोष्टींसाठी.

"गुरुवारी घरी आल्यावर मला रिंग करायची. पहिले रिंग, मग चहा." तिने गाडीचं दार उघडलं. "आणि बाबा, आदल्या दिवशी इंडियाला जायचं नाही."

मला तिचे आभार मानायचे होते. तिचे, कॉलिनचे, सुखदेवचे, त्या कुत्रेवाल्या बाईंचे, आणि खरं सांगायचं तर त्या यंत्राचेही. गाडीत बसल्यावर वाक्य जुळलं, पण तोवर ती दोघं चॉक फार्म आणि प्राणिसंग्रहालयावर बोलायला लागली होती. म्हणून ते इथे लिहून ठेवतो आहे. शैलाला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ती वाचते.

परीक्षेनंतरच्या गुरुवारी सकाळी खाली आलो तर बूट दाराजवळ होते. त्यांना तेल लावलेलं होतं. द्रौपदी स्वयंपाकघरात तव्यापाशी उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आज कुठे?" तिने विचारलं. "इथे, का तिथे?"

"इथे," मी म्हणालो.

"मग दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधते. तिथे गेलात की जेवायला घरीच असता."